रिकामी बॅग, दोन याद्या

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे अमेरिकेला गेलो होतो. जाणार असल्याची बातमी घरात कळल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी वाढत गेली. आत्याच्या मुलाला आयफोन, एका मित्राला घड्याळ, दुसऱ्याला हेडफोन, शिवाय व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि बदाम. आमच्या टीममधला एक सहकारी ब्राझीलहून आला होता. त्याच्याकडे दोन बॅगा होत्या आणि त्यातली एक पूर्ण रिकामी होती.

शनिवारी आम्ही दोघं खरेदीला निघालो तेव्हा त्याने त्याची यादी दाखवली. दोन लॅपटॉप, एक गेम कन्सोल, ग्राफिक्स कार्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि बाळाच्या झोळीसारखं काहीतरी. मीही माझी यादी दाखवली. ती वाचून त्याने विचारलं, "यात लॅपटॉप कसा नाही?"

मी म्हटलं, "लॅपटॉप इथून कशाला न्यायचा? आमच्याकडे साधारण तेवढ्यालाच मिळतो."

त्याला ते पटेना. त्याने फोन काढला, भारतातल्या किमती पाहिल्या, डॉलरमध्ये बदलल्या, आणि मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. त्याच्या मते ब्राझील भारतापेक्षा श्रीमंत देश. तिथलं सरासरी उत्पन्न आपल्या कितीतरी पट जास्त, हे खरंच आहे. मग लॅपटॉप इकडे स्वस्त आणि तिकडे महाग, असं का? आणि माझ्या यादीत लॅपटॉप नाही, पण फोन आहे, ते का?

दुकानात त्याला मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. परत आल्यावर मात्र वाचत बसलो, आणि दोन याद्यांमधला तो फरक चाळीस वर्षं जुना निघाला.

आधी हिशोब

किमतींची तुलना करताना पहिली चूक होते ती चिठ्ठीवरचा आकडा वाचण्यात. अमेरिकेत किमतीच्या चिठ्ठीवर कर धरलेला नसतो. तो राज्यानुसार बदलतो आणि गल्ल्यावर वेगळा लागतो. ऑरेगनसारख्या राज्यात लागतच नाही. आपल्याकडे आणि युरोपात छापील किमतीत कर आलेला असतो. हंगेरीत तो २७ टक्के आहे, आपल्याकडे फोनवर १८ टक्के. त्यामुळे 'अमेरिकेत ७९९ डॉलर आणि आपल्याकडे ७९,९०० रुपये, म्हणजे लूट' हे गणित वाटतं तितकं सरळ नाही. आयफोन १६चेच हे आकडे. डॉलर तेव्हा ८४ रुपयांच्या आसपास होता. ७९९ गुणिले ८४ म्हणजे सुमारे ६७,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की ७९,२००. म्हणजे फरक जवळपास संपला.

पण त्याच वर्षीचा आयफोन १६ प्रो घ्या. अमेरिकेत ९९९ डॉलर, आपल्याकडे १,१९,९००. तेच गणित केलं तर ९९,००० येतात. वरचे एकवीस हजार कुठून आले? आयात होणाऱ्या फोनवर तेव्हा १५ टक्के सीमाशुल्क होतं. तेही चढवून पाहिलं तर आकडा १,१४,०००च्या जवळ जातो. कुठला फोन बाहेरून आला आणि कुठला इथे जुळवला, हे दुकानात कळत नाही; किंमत एकच असते.

प्रत्येक वेळी दोष कराचाच असतो असंही नाही. ऑस्ट्रेलियात आयात शुल्क नगण्य, तरी तिथे संगणक आणि सॉफ्टवेअर अमेरिकेपेक्षा बरंच महाग मिळायचं. त्याची चौकशी करायला संसदेची समिती बसली. मार्च २०१३मध्ये अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांच्या प्रतिनिधींना समितीपुढे बोलावण्यात आलं आणि जुलैमध्ये अहवाल आला. इंटरनेटवरून डाउनलोड होणाऱ्या सॉफ्टवेअरला ना जहाज लागतं, ना बंदर, ना गोदाम. तरी ते महाग होतं, कारण गिऱ्हाईक तेवढे पैसे देत होतं. विक्रेता किंमत लावताना खर्चाबरोबर आपला खिसाही पाहतो, हे तिथे कागदोपत्री आलं.

ब्राझीलची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे भिंत सरकारने बांधली, आणि एकेकाळी आपण तिच्या शेजारीच तशीच भिंत बांधत होतो.

जंगलातला कारखाना

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात, नदीकाठी मनाऊस नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराच्या पैशावर ते इतकं माजलं, की १८९६मध्ये तिथे युरोपच्या तोडीचं ऑपेरागृह उघडलं. पुढे आशियातल्या मळ्यांमधून स्वस्त रबर येऊ लागलं आणि शहर ओस पडलं. १९६७मध्ये लष्करी राजवटीने ठरवलं, की हा भाग पुन्हा वसवायचा. त्यासाठी मनाऊसला करमुक्त औद्योगिक क्षेत्र करण्यात आलं. सुटे भाग बाहेरून आणा, इथे जुळवा, देशभर विका, करात मोठी सूट मिळेल, असा तो सौदा होता.

त्यामुळे ब्राझीलमधले टीव्ही, रेडिओ आणि पुढे मायक्रोवेव्ह व गेम कन्सोल जंगलाच्या मधोमध तयार होऊ लागले. गिऱ्हाईक मात्र दक्षिणेला, साओ पाउलोकडे, विमानाच्या सरळ रेषेत सुमारे २,७०० किलोमीटरवर. दक्षिणेकडे जाणारा भरवशाचा रस्ता नाही; १९७६मध्ये एक महामार्ग सुरू झाला, तो काही वर्षांतच चिखलात गेला. म्हणून माल बार्जमध्ये भरून नदीतून बेलेमला, तिथून ट्रकने हजारो किलोमीटर, किंवा थेट विमानाने. माझ्यासारख्या माणसाला हे एखाद्या वाईट प्रोग्रामसारखं वाटतं: डेटा उगाच अर्ध्या जगाला प्रदक्षिणा घालून येतोय आणि कुणी ते बदलत नाही, कारण बदललं तर दुसरं काहीतरी कोसळेल. इथे कोसळेल ती लाखाहून अधिक लोकांची नोकरी. शिवाय कारखाने आहेत म्हणून तिथली माणसं जंगल तोडायला जात नाहीत, असाही एक युक्तिवाद आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. २०१४मध्ये घटनादुरुस्ती करून या सवलतींची मुदत २०७३पर्यंत वाढवण्यात आली.

मनाऊसची सवलत म्हणजे भिंतीतला दरवाजा. दरवाज्याला किंमत येते ती भिंत उंच असली तरच. ब्राझीलची भिंत अनेक थरांची आहे. आधी आयात शुल्क, मग औद्योगिक उत्पादनावरचा कर, मग सामाजिक सुरक्षेसाठीची वर्गणी आणि शेवटी राज्याचा विक्रीकर. यातले काही थर आधीच्या थरांसकट मोजले जातात. राज्याच्या कराची तर गंमतच आहे: तो स्वतःवरही लागतो. १८ टक्के म्हणजे मूळ किमतीचे नव्हे, कर धरून झालेल्या किमतीचे १८ टक्के. ८२ची वस्तू शंभरला विकायची आणि त्यातले १८ सरकारला द्यायचे. आपण शाळेत शिकलो त्या पद्धतीने मोजला तर तो कर जवळपास २२ टक्के होतो.

२०१३मध्ये प्लेस्टेशन ४ बाजारात आला. अमेरिकेत ३९९ डॉलर. ब्राझीलमध्ये किंमत जाहीर झाली ३,९९९ रियाल, म्हणजे त्या वेळचे १,८०० डॉलरहून अधिक. ब्राझीलचं किमान वेतन त्या वर्षी महिन्याला ६७८ रियाल होतं. किमान वेतनावरच्या माणसाला जवळपास सहा महिन्यांचा सगळा पगार मोजावा लागला असता. एवढा गदारोळ झाला की सोनीला हिशोब जाहीर करावा लागला. किमतीचा ६३ टक्के भाग करांचा आहे, असं कंपनीने सांगितलं. व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर औद्योगिक उत्पादनाचा कर तेव्हा ५० टक्के होता. तो टप्प्याटप्प्याने खाली येऊ लागला २०१९पासून.

तीन आठवडे

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चटका लावून गेली ती १९८४ सालातली दोन तारखांची जोडी.

त्याआधीची पार्श्वभूमी दोन्ही देशांत थेट सारखी आहे. परकीय चलनाची चणचण, अमेरिकी कंपन्यांवर अविश्वास, आणि संगणक बनवता आला नाही तर पुन्हा पारतंत्र्य येईल ही प्रामाणिक भीती. आपल्याकडे होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली १९६३मध्ये इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. १९७०मध्ये स्वतंत्र खातं निघालं. संगणक आणायचा तर त्या खात्याची परवानगी लागे. १९७८मध्ये आयबीएमने देश सोडला. केरळचं केल्ट्रॉन, महाराष्ट्राचं मेल्ट्रॉन अशी राज्यांची महामंडळं निघाली. १९८१मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली तेव्हा एक संगणक आयात करण्यासाठी दिल्लीला किती खेटे घालावे लागले, हे नारायण मूर्तींनी अनेकदा सांगितलं आहे. ब्राझीलमध्ये १९७९मध्ये असंच खातं निघालं, आणि छोटे संगणक फक्त देशी कंपन्यांनीच बनवायचे असं धोरण ठरलं.

२९ ऑक्टोबर १९८४ रोजी ब्राझीलने या धोरणाचा कायदा केला: आठ वर्षं संगणकाची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखीव. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, भारताचं नवं संगणक धोरण जाहीर झालं, आणि त्याची दिशा उलटी होती. आयात सोपी करायची, खाजगी कंपन्यांना उत्पादनाला मोकळीक द्यायची. इंदिरा गांधींची हत्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्या गदारोळात हा कागद किती जणांनी वाचला असेल कोण जाणे.

ब्राझीलची भिंत फुकट गेली असं म्हणता येणार नाही. तिथल्या इंजिनिअरांनी जगातल्या बहुतेक लोकप्रिय यंत्रांच्या नकला उभ्या केल्या: सिंक्लेअरच्या, टँडीच्या, अ‍ॅपलच्या. युनिट्रॉन नावाच्या कंपनीने तर मॅकिंटॉशची नक्कल केली. अ‍ॅपल आणि अमेरिकी सरकारच्या दबावापुढे ती बाजारात येऊ शकली नाही. यंत्र उघडून, उलट दिशेने समजून घेऊन पुन्हा बनवणं हे खरं शिक्षण आहे, आणि मला त्याचा हेवा वाटतो. पण त्या यंत्रांची किंमत बाहेरच्या कितीतरी पट असायची, आणि ती यायचीही उशिरा. रेगन यांनी ब्राझीलविरुद्ध कारवाईची घोषणा केली ती १९८५च्या ७ सप्टेंबरला, म्हणजे नेमकी ब्राझीलच्या स्वातंत्र्यदिनी. दोन वर्षांनी १०.५ कोटी डॉलरच्या निर्बंधांची धमकी आली, कारण देशी पर्याय आहे म्हणून ब्राझीलने एमएस-डॉसला परवाना नाकारला होता. ऑक्टोबर १९९२मध्ये राखीव बाजारपेठ संपली. करांचे थर मात्र राहिले.

शिडी कोणाकडे

उंच भिंतीचा नियम असा, की ती सगळ्यांना सारखी उंच नसते.

ब्राझीलमधला पैसेवाला मायामीला जातो आणि रिकामी बॅग भरून आणतो. माझ्या सहकाऱ्यासारखा माणूस ऑफिसच्या कामाची वाट पाहतो. सीमेजवळ राहणारा पराना नदीवरचा पूल ओलांडून पराग्वेच्या सिउदाद देल एस्तेला जातो आणि पिशव्या खांद्यावर घेऊन परततो. अशा पिशवीवाल्यांना पोर्तुगीजमध्ये वेगळा शब्दच आहे. उरलेल्यांनी काय करायचं? १९८९मध्ये टेकटॉय या कंपनीने सेगाचा मास्टर सिस्टिम तिथे आणला. जगाने तो कन्सोल केव्हाच माळ्यावर टाकला, पण ब्राझीलमध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या एकविसाव्या शतकातही विकल्या जात होत्या. कौतुकाने सांगितली जाते ही गोष्ट. मला ती वाचताना आपल्या गल्लीतली 'नाइन-नाइन-नाइन इन वन' कॅसेट आठवली. नऊशे नव्याण्णव गेम असल्याचा दावा, प्रत्यक्षात मारियो आणि काँट्राच फिरून फिरून. ते यंत्र निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलची नक्कल होतं, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

आपल्याकडे १९८२मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पण 'फॉरेनचा माल' ही वेगळीच चीज होती. ज्यांच्या घरातलं कुणी आखातात होतं त्यांच्याकडे टू-इन-वन आणि व्हीसीआर असायचे. मुंबईत मुसाफिरखाना होता, हाजी अलीचं हिरापन्ना होतं. १९९१च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी सीमाशुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर 'उतरवली', यावरून आधीची उंची लक्षात यावी. बाबा सांगतात, त्यांच्या मावसभावाने मस्कतहून आणलेला टू-इन-वन सत्यनारायणाच्या पूजेला शेजारी मागून न्यायचे. ज्यांचा कुणी मस्कतला नव्हता, त्यांच्याकडे पूजेला तो टू-इन-वन यायचा आणि संध्याकाळी परत जायचा.

लॅपटॉप यादीतून कसा गळला

डिसेंबर १९९६मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत माहिती तंत्रज्ञान करार झाला. संगणक, त्यांचे भाग, चिप, दूरसंचाराची यंत्रं यांवर शून्य सीमाशुल्क. मार्च १९९७मध्ये भारत त्यात सामील झाला आणि २०१७ सीमाशुल्क-शीर्षकांवर नव्हे, मोजक्या २१७ शीर्षकांवरचं शुल्क २००५पर्यंत शून्यावर आणायचं कबूल केलं. ब्राझील त्या करारात कधीच गेला नाही.

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर या एका सहीत आहे.

आमच्या घरी पहिला संगणक आला २००६मध्ये. तालुक्याच्या गावात, असेंबल केलेला, पतसंस्थेचं कर्ज काढून. बावीस हजार रुपये. मामाने दहा वर्षं आधी चौकशी केली होती तेव्हा साठ हजारांच्या वरचा आकडा ऐकून तो परत आला होता. सगळं श्रेय कराराला देणं खोटं होईल. त्या दहा वर्षांत चिपच जगभर स्वस्त झाल्या होत्या. पण ती स्वस्ताई आमच्या गावापर्यंत वाटेत न अडता पोचली. मी दहा वर्षांचा होतो. ब्राझीलमध्ये लिपिकाच्या घरातल्या माझ्या वयाच्या मुलाला तेव्हा काय मिळत होतं, याचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

या सहीची किंमतही कुणीतरी मोजली. शून्य शुल्कामुळे देशी हार्डवेअर उद्योग जवळजवळ पुसला गेला, असं आपलं वाणिज्य मंत्रालय म्हणतं, आणि २०१५मध्ये कराराचा विस्तार झाला तेव्हा भारत बाहेर राहिला. मला सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली. चिप आणि मदरबोर्डवर काम करायचं स्वप्न पाहणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलांनाही अखेर सॉफ्टवेअरच करावं लागलं.

म्हणूनच फोनच्या बाबतीत सरकारने भिंत पुन्हा बांधली. जुलै २०१७मध्ये १० टक्के, डिसेंबरात १५, फेब्रुवारी २०१८मध्ये २०. जपान, तैवान आणि युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेले. भारताच्या बाजूने एक मुद्दा असा होता, की १९९६च्या करारात आजचा स्मार्टफोन कसा असेल? एप्रिल २०२३मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केलं ते अशा अपील मंडळाकडे, ज्यात न्याय द्यायला सदस्यच उरलेले नाहीत. तेव्हा प्रकरण तिथेच आहे. दरम्यान फोन जुळवण्याचे कारखाने मात्र खरोखर उभे राहिले, हजारो मुलींना तिथे काम मिळालं, आणि जुलै २०२४मध्ये शुल्क १५ टक्क्यांवर आलं. हे ब्राझीलसारखं होईल की नाही, हे भिंत वेळेवर उतरवता येते का यावर ठरेल. मनाऊसचा अनुभव सांगतो की भिंतीच्या सावलीत एकदा वस्ती झाली, की ती पाडायला कुणी धजावत नाही.

आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी एक सूचना निघाली: लॅपटॉप आणि संगणकाच्या आयातीला परवाना लागेल. शुल्क नाही, परवाना. गदारोळ झाला, सूचना पुढे ढकलली गेली आणि नोव्हेंबरपासून तिची जागा साध्या नोंदणीने घेतली. आमच्या ऑफिसात त्यावर दोन दिवस विनोद झाले. बाबा हसले नाहीत. त्यांना परवाना म्हणजे काय ते माहीत होतं.

परतताना विमानतळावर माझ्या सहकाऱ्याची बॅग आता भरलेली होती. ब्राझीलमध्ये हजार डॉलरपर्यंतच्या सामानाला सूट आहे, वरच्या रकमेवर ५० टक्के. ते तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा मोजत होता.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांच्या फायलींमधून २००६चं बिल शोधून काढलं. ते काहीच फेकत नाहीत. मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, 'माउस पॅड फ्री', आणि शेवटी ४ टक्के व्हॅट. सीमाशुल्काची ओळ त्यावर नव्हती. अर्थात, ती १९९६च्या साठ हजारांच्या बिलावरही नसती. मामाला फक्त आकडा ऐकू आला असता, आणि तो तसाच परत आला असता.